एबीसी म्हणजे ए टू झेड नव्हे : आमच्या सोसायटीच्या कमिटीला खुलं पत्र

मा. चेअरमन काका, सेक्रेटरी साहेब, खजिनदार आणि मॅनेजिंग कमिटीचे सगळे मेंबर,
सी विंगमधल्या एका सभासदाचा नमस्कार.

सोसायटीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. बदनामी करायचा हेतू नाही, आणि खरं सांगायचं तर पिंपरी-चिंचवडच्या हद्दीतल्या निम्म्या सोसायट्यांना हे पत्र आपलंच वाटेल. आग विझवायच्या सिलेंडरबद्दल ग्रुपवर तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा खाली गुड मॉर्निंगची फुलं आली आणि माझा मेसेज वर गेला. ऑफिसात लेखी अर्ज दिला, त्याची पोच मिळाली पण उत्तर नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय.

विषय मागच्या जनरल बॉडीत पास झालेला ठराव. जुने सगळे फायर एक्स्टिंग्विशर काढून तिन्ही विंग, पार्किंग, क्लबहाऊस, मीटर रूम, लिफ्टची मशीन रूम, जनरेटर, सगळीकडे ६ किलोचे एबीसी पावडरवाले (ए, बी, सी या तीन वर्गांच्या आगींसाठीचे) एकसारखे ४८ नग घ्यायचे, १ लाख ६८ हजारांचं क्वोटेशन. कारण काय दिलं तर "एकच माल, एकच रेट, रिफिलिंगला सोपं, आणि एबीसी सगळ्याला चालतं". मी हात वर केला होता. "ताई, टेक्निकल मुद्दे नंतर घेऊ" म्हणालात, मग गेटच्या एलईडी कमानीचा विषय निघाला आणि त्यावर पाऊण तास गेला. तो नंतर अजून आलेला नाही.

माझा ह्यात काय संबंध ते आधी सांगते. माझ्या उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत जो डाग आहे तो तुमच्यापैकी बहुतेकांनी बघितलाय. गणपतीत महाप्रसादाच्या दिवशी क्लबहाऊसच्या पॅन्ट्रीत पुऱ्या तळायला मी होते. आरती सुरू झाली, "चला चला" झालं, आणि आम्ही तिघी भट्टी बारीक करून मंडपात गेलो. ही चूक आमची, माझी, ती मी कुणावर ढकलत नाही, तापलेल्या तेलाला पाठ दाखवायची नसते हे मला तर जास्तच माहीत असायला हवं होतं कारण मी चाकणच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये १४ वर्षं किचन सुपरवायझर आहे. आरती लांबली. परत आले तर कढईवर निळसर धूर, आणि मी भट्टीचा कॉक बंद करेपर्यंत तेलाने पेट घेतला. मोठी कढई, १५ लिटर तरी तेल, ज्वाळा थेट एक्झॉस्टला लागलेली.

अशा वेळी करायचं एकच असतं, गॅस बंद आणि वर झाकण. कढई हलवायची नाही, पाणी तर अजिबातच नाही. मी झाकण शोधतेय तर कढईवर बसेल अशी एकुलती एक परात पुऱ्या भरून मंडपात गेलेली. तेवढ्यात बी विंगचा एक मुलगा, इंजिनिअरिंगला आहे, लॉबीतला लाल सिलेंडर उचलून धावत आला. पोराचं कौतुकच आहे, बाकीचे मोबाइल काढून उभे होते. त्याने पिन ओढली आणि जेमतेम दोन हातांवरून नळी सरळ कढईत धरली. पावडरचा झोत एवढ्या जोरात बसला की ज्वाळा खाली गेली पण तेल उडालं. ते माझ्या हातावर.

पुढचं ऐका, कारण ठरावाशी त्याचाच संबंध आहे. आग विझली असं सगळ्यांना वाटलं, टाळ्या पण वाजल्या. अर्ध्या मिनिटाने तेल परत आपोआप पेटलं. पावडर ज्वाळा तोडते, तेल थंड करत नाही, आणि तेल तसंच तापलेलं राहिलं तर ठिणगीशिवाय पुन्हा पेट घेतं. त्या मुलाने परत दांडा दाबला तर सिलेंडर रिकामा, कारण सहा किलोचा सिलेंडर साधारण १०-१५ सेकंदच चालतो हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. वॉचमन काका बादली घेऊन पॅन्ट्रीच्या दारात पोचले होते, मी माझा भाजलेला हात धरून एवढ्या जोरात ओरडले की ते जागीच थांबले. ती बादली कढईत गेली असती तर पाणी तेलापेक्षा जड म्हणून तळाला जाऊन एका क्षणात वाफ होतं, आणि पाण्याची वाफ झाली की ती जवळपास १७०० पट जागा मागते, म्हणजे ते पेटतं तेल सगळं छताला आणि दारातल्या माणसांवर. शेवटी ए विंगच्या आजींनी मंडपातल्या पुऱ्या सतरंजीवर ओतल्या, परात आणून दिली आणि मी ती डाव्या हाताने पुढून सरकवत कढईवर घातली. वीस मिनिटं कुणाला हात लावू दिला नाही. त्यानंतर काही झालं नाही. शिऱ्यावर, भाजीवर, भांड्यांवर सगळीकडे पिवळट पावडर, महाप्रसाद फेकून दिला.

यावर कमिटीने काय केलं? नोटीस लावली, "क्लबहाऊसमध्ये तळणीचे पदार्थ करण्यास मनाई आहे". आणि पुढच्याच महिन्यात जो सिलेंडर त्या दिवशी कामाला आला नाही त्याचेच ४८ नग पास केले.

आता मुद्द्यावर येते. सेक्रेटरी साहेबांनी सभेआधी ग्रुपवर एक तक्ता टाकला होता, रंगीत, छान होता, त्यात ए म्हणजे लाकूड-कागद, बी म्हणजे पेट्रोल वगैरे आणि सी म्हणजे इलेक्ट्रिक असं होतं. तो तक्ता अमेरिकेचा आहे साहेब. आपल्याकडे सी म्हणजे गॅस, एलपीजी आणि तसले. विजेच्या आगीला आपल्याकडे वेगळं अक्षरच नाही, कारण करंट तोडला की जे जळतंय ते वायरचं प्लास्टिक किंवा लाकडी बोर्ड, म्हणजे साधी आग. डी हा वर्ग मॅग्नेशियमसारख्या धातूंचा, त्याच्याशी आपलं काही देणंघेणं नाही. आणि स्वयंपाकाच्या तेलाचा वर्ग वेगळाच, त्याला एफ म्हणतात, अमेरिकेत के म्हणतात, बाजारातल्या सिलेंडरवर दोन्ही अक्षरं दिसतात. एबीसी सिलेंडरवर यातलं एकही अक्षर नाही. नावातच तीन अक्षरं लिहून ठेवलीत त्यांनी, तरी व्हेंडर म्हणतो "मॅडम सगळ्याला चालतं".

एबीसीला मी नावं ठेवत नाहीये हां. जिन्यात, लॉबीत, फ्लॅटच्या पॅसेजमध्ये एबीसीच पाहिजे. चपलांचं कपाट पेटलं, सोफा पेटला, बाइकचं पेट्रोल सांडून पेटलं तर त्याच्याइतकं कामाचं काही नाही, त्यातली मोनो अमोनियम फॉस्फेटची पावडर जळत्या लाकडा-कापडावर वितळून थर धरते. म्हणून ४८ पैकी ३५-३६ ठिकाणी तुमचा ठराव बरोबरच आहे. माझं भांडण उरलेल्या बारा-तेरा जागांवर आहे, आणि आग लागायची शक्यता त्याच बारा-तेरा जागांवर जास्त आहे.

पहिली जागा मीटर रूम. बी विंगच्या जिन्याखाली मीटर रूमच्या दाराला लागून जो सिलेंडर टांगलाय तो ९ लिटर पाण्याचा आहे. पाण्याचा! दोन वर्षं मी सांगतेय. तो कुणी लावला, बिल्डरच्या वेळचा आहे का नंतरचा, त्या वादात मला पडायचंच नाही. जूनमध्ये पहिल्या पावसात तिथे ठिणग्या उडाल्या तेव्हा वॉचमन काकांनी जो हाताशी होता तोच काढला, त्यांची काय चूक, भिंतीवर लावलाय म्हणजे तिथलाच असणार. नशिबाने महावितरणचा वायरमन दुसऱ्या कामासाठी गेटवर आला होता, तो लांबूनच "पाणी नको, पाणी नको" ओरडला. चालू करंटवर पाण्याची धार म्हणजे धरणाऱ्यालाच शॉक. त्या जागी सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूचा सिलेंडर पाहिजे.

जे सीओटू आपल्याकडे आहेत ते दोन, साडेचार किलोचे, लिफ्टच्या मशीन रूमबाहेर. ते ठरावात "जुना माल" म्हणून परत द्यायचे ठरलेत. का, तर खजिनदार साहेब म्हणाले ह्यांना दाब दाखवणारा काटाच नाही, म्हणजे डिफेक्टिव्ह. साहेब, सीओटूच्या सिलेंडरला काटा नसतोच. आत वायू दाबाने द्रव करून भरलेला असतो, त्यामुळे दाबावरून किती उरलाय ते कळत नाही, ते वजनावरून कळतं, म्हणून त्याला काट्यावर ठेवायचा तो वजनकाटा, डायलचा काटा नव्हे. अंगावर रिकामं वजन कोरलेलं असतं, भरलेल्या वजनातून ते वजा करायचं. भंगारवाल्याकडे सुद्धा असा काटा मिळेल.

सीओटूचं मशीन रूममध्ये महत्त्व हे की तो उडून जातो, मागे काही राहात नाही. तिथे एबीसी मारला तर आग विझेल, पण ती पावडर लिफ्टच्या कंट्रोल कार्डात जाऊन बसेल, दमट हवेत ती पावडर सर्किट खाते, आणि मग नवीन पॅनेलचं बिल सिंकिंग फंडातून. रिफिलिंगचे चार पैसे वाचवून लिफ्टचा पॅनेल घालवायचा हा कुठला हिशेब? पण सीओटूच्या पण दोन गोष्टी शिकवाव्या लागतात. एक, भोंग्यासारखं तोंड असतं ना, त्याला हात लावायचा नाही, वायू बाहेर पडताना उणे ७८ डिग्रीपर्यंत गार होतो, कातडी चिकटते. दोन, छोट्या बंद खोलीत मारून तिथेच उभं राहायचं नाही, श्वासाला ऑक्सिजन राहात नाही, मारायचा आणि बाहेर यायचं. आणि आधी मेन स्विच पाडायचा, नाहीतर आतलं गरम ते गरमच राहतं आणि परत पेटतं, माझ्या कढईसारखं.

दुसरी जागा अर्थातच पॅन्ट्री. तिथे वेट केमिकल लागतं. आमच्या कँटीनला चार फ्रायरमागे एक आहे, पोटॅशियमच्या क्षारांचं पाणी असतं त्यात, लांब दांड्याच्या तोंडातून बारीक फवारा पडतो त्यामुळे तेल उडत नाही, आणि ते तेलावर पडलं की तेलाचा वरचा थर चक्क साबण होतो. खरंच साबण, फेसाची साय धरते. साय हवा तोडते, पाणी तेल गार करतं, म्हणून परत पेटत नाही. एबीसीची पावडर उलट आम्लाच्या बाजूची, तिचा साबण होतच नाही. कँटीनमध्ये ट्रेनिंगला सेफ्टी ऑफिसरने हे करून दाखवलं तेव्हा आमच्या मावश्या म्हणाल्या "अगं बाई, भांडी घासायला पण हेच वापरा". वेट केमिकल महाग आहे, मान्य, एबीसीपेक्षा बराच महाग. पण एकच लागतो, आणि तो परवडत नसेल तर एक फायर ब्लँकेट आणि दोन मोठी झाकणं ठेवा, ती तर कुणालाही परवडतात. तळण बंदीच्या नोटिशीबद्दल एवढंच सांगते की कोजागरीला त्याच पॅन्ट्रीत भजी झाली, आणि ती कमिटीतल्यांनीच खाल्ली.

गॅसचं एक सांगून टाकते कारण सभेत कुणीतरी म्हणालं "सिलेंडर पेटला तर एबीसी मारायचा, सी आहेच त्यात". विझवता येतो, हो. पण रेग्युलेटर बंद करता येत असेल तरच विझवायचा. ज्वाळा विझली आणि गॅस चालूच राहिला तर एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत पसरत राहतो, आणि मग फ्रिजच्या क्लिकनेसुद्धा भडका उडतो. बंद करता येत नसेल तर माणसं बाहेर काढा आणि १०१ लावा. नुसती गळती असेल तर १९०६. हा नंबर लिफ्टमध्ये का नाही? लिफ्टमध्ये पेस्ट कंट्रोलवाल्याचा आहे.

जनरेटरपाशी डिझेल असतं, तिथे मेकॅनिकल फोमचा ९ लिटरवाला बरा, तो डिझेलवर साय धरतो. एबीसी पण चालेल तिथे, भांडणार नाही. मात्र फोममध्ये पाणीच असतं त्यामुळे तो पॅनेलवर मारायचा नाही एवढं लिहून लावा.

पार्किंगमधल्या चार्जिंगचं मात्र मला खरंच टेन्शन आहे. आत्ता सात इलेक्ट्रिक स्कूटर आहेत, त्यातल्या चार पार्किंगच्या लाइटच्या वायरीतून बोर्ड काढून चार्ज होतात, रात्रभर, आणि बाजूलाच गणपतीच्या सजावटीचा थर्माकोल, जुनी फ्लेक्स, गाद्या. २०२२ च्या उन्हाळ्यात देशभर अशा स्कूटरना आगी लागल्या, पुण्यात पण लागली, सगळ्यांनी व्हिडिओ बघितले आणि फॉरवर्ड केले. त्यात एक दिसलं असेल की विझली वाटते आणि परत भडकते. लिथियम बॅटरीत एक सेल तापला की तो शेजारच्याला तापवतो, ही आतली साखळी पावडरने तुटत नाही, पावडर आत पोचतच नाही. तिथे लागतं भरपूर पाणी, लांबून, बराच वेळ, आणि तेही चार्जरचा करंट तोडून. म्हणजे ते काम सिलेंडरचं नाहीच, होज रीलचं (भिंतीवर गुंडाळून ठेवलेल्या पाण्याच्या पाइपचं) आणि फायर ब्रिगेडचं आहे. सिलेंडरने फार तर आजूबाजूचा थर्माकोल वाचेल. आणि आपल्या पार्किंगच्या होज रीलचं पितळी नोझल दोन वर्षांपूर्वी चोरीला गेलंय, पाइपच्या टोकाला सध्या सुतळी बांधलीय! ऑक्टोबर २०२३ मध्ये गोरेगावच्या एका इमारतीत पहाटे पार्किंगमध्येच आग लागली होती, गाड्या आणि जुनं सामान पेटलं, धूर जिन्याने वर गेला आणि झोपेतली माणसं गेली. आपला जिना पण पार्किंगमध्येच उघडतो आणि त्याच्या फायर डोअरला वीट लावून ठेवलेली असते, ये-जा करायला बरं पडतं म्हणून.

आता जी गोष्ट कुठलाही सिलेंडर आणला तरी बदलणार नाही ती. आहेत त्यांची अवस्था. मी मागच्या रविवारी सी विंगचे अकरा मजले पायी फिरले, वही घेऊन. चौथ्या मजल्यावर काटा लाल पट्ट्यात, आणि स्टिकरवर याच जुलैची तारीख, "ओके". सहाव्यावर पिनला बाइंडिंग वायर गुंडाळलीय, पोरं ओढतात म्हणून, ती सोडवायला पक्कड लागेल. आठव्यावर सिलेंडर आहे पण त्याच्यासमोर चपलांचं कपाट, कपाट सरकवल्याशिवाय तो निघत नाही. दहाव्यावर उलटा करून हलवला तर आत काही हललंच नाही, पावडर दगड झालीय. पाच मजल्यांवरचे काचेच्या कपाटात कुलूप लावून, चाव्या सेक्रेटरी साहेबांकडे, आणि साहेब मे महिन्यात महिनाभर गावी असतात. त्यांनी जाऊच नये असं नाही, पण चावी तरी गावाला नेऊ नये.

तो स्टिकरवाला मुलगा येतो तेव्हा मी घरी होते एकदा. फडकं मारलं, जुना स्टिकर खरवडला, नवा चिकटवला, अकरा मजले पंचवीस मिनिटांत. लिफ्टने. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नावाचा कायदा आहे, त्यात दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत लायसन्सधारक एजन्सीकडून सगळी यंत्रणा चालू स्थितीत आहे असं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, घेऊन द्यायची जबाबदारी मालकाची किंवा ताबेदाराची आहे, म्हणजे आपल्या केसमध्ये सोसायटीची. आपण तो फॉर्म देतो, मी ऑफिसात बघितलाय, सही-शिक्क्यासकट, सगळं "कार्यरत". त्यात होज रील पण कार्यरत आहे, सुतळीसकट.

आणि हे वापरणार कोण? सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच आपल्या बिल्डिंगमध्ये कोण असतं ते बघा एकदा. कामाच्या मावश्या, आजी-आजोबा, बाळंतिणी, दोन वॉचमन. सहा किलोचा एबीसी भरून नऊ-दहा किलोचा होतो. माझ्या सासूबाईंना तो हुकावरून उतरवता पण येणार नाही. सहाच्या जोडीला दर दोन मजल्यांनी एखादा दोन किंवा चार किलोचा ठेवला तर काय बिघडतं? एकाही वॉचमनने आयुष्यात एकदाही दांडा दाबलेला नाही, मी विचारलं. एक म्हणाला "मॅडम, हात लावला तर पगारातून कापतील असं सुपरवायझरने सांगितलंय".

बरं, तर माझं मागणं काय, ते सरळ लिहिते.

मीटर रूमपाशी लावलेला पाण्याचा सिलेंडर उद्याच काढा, त्याला ठरावही लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत. तो जिन्यात लावा, तिथे लाकडा-कागदाला उत्तम आहे. त्याच्या जागी मशीन रूमबाहेरच्या दोन सीओटूपैकी एक, वजन करून. दुसरा आहे तिथेच राहू दे, व्हेंडरला परत देऊ नका.

४८ ची ऑर्डर थांबवा आणि जागेप्रमाणे यादी करा. आयएस २१९० नावाचं भारतीय मानक आहे, कुठल्या धोक्याला कुठला आणि किती अंतरावर हे सगळं त्यात आहे, माणसाला सिलेंडरपर्यंत १५ मीटरपेक्षा जास्त चालायला लागू नये असंही आहे. व्हेंडरकडून नव्हे, त्यावरून यादी करा. मी मदत करायला तयार आहे, फुकट. आमच्या कंपनीतले सेफ्टी ऑफिसर पण एक रविवार येतो म्हणालेत, त्यांना फक्त चहा लागतो. नवीन घेताना आयएसआय मार्क आणि बनवल्याचं वर्ष बघून घ्या, पावडरच्या सिलेंडरचं आयुष्य दहा वर्षं धरतात आणि जुने रंगवून विकणारे पण आहेत.

कुलपं काढा. चोरीला जाईल ही भीती खरी आहे, पण मग काच फोडायची छोटी हातोडी साखळीने लावा. पिनच्या बाइंडिंग वायरी सोडा, साधं प्लास्टिकचं सील लावा.

पॅन्ट्रीत वेट केमिकल, नाहीतर निदान ब्लँकेट. होज रीलला नोझल. चार्जिंगसाठी वेगळं सर्किट, वेगळी जागा, एमसीबी बाहेरून पाडता येईल असा, आणि सजावटीचं सामान तिथून हलवा. फायर डोअरची वीट पण.

फॉर्म बी नोटीस बोर्डावर लावा, आणि पुढच्या वेळी एजन्सीचा माणूस येईल तेव्हा दोन सभासद त्याच्याबरोबर पायी फिरतील, वही घेऊन. मी एक, दुसरं कुणी तयार असेल तर सांगा.

आणि एक ड्रिल. १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह असतो, १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे जवान त्यात गेले, त्यांच्या आठवणीत. १४ ला आपल्याकडे जयंतीची मिरवणूक असते, म्हणून त्या आठवड्यातला रविवार धरा. जे सिलेंडर रिफिलिंगला जाणारच आहेत ते व्हेंडरला देण्याआधी मोकळ्या जागेत आमच्याकडून वापरून घ्या, नाहीतरी ते रिकामेच होणार आहेत. वॉचमन, मावश्या, आजी, ज्याला जमेल त्याने एकदा तरी पिन ओढावी, नळी आगीच्या बुडाशी धरावी, दांडा दाबावा, डावीकडून उजवीकडे झाडल्यासारखं फिरवावं, दोन-तीन मीटर लांबून आणि पाठीमागे बाहेर पडायची वाट ठेवून. त्या बी विंगच्या मुलाला कुणी हे एकदा दाखवलं असतं तर तो दोन हातांवर आलाच नसता. तो अजून माझ्यासमोर आला की मान खाली घालतो, मला वाईट वाटतं. त्याला सगळ्यात आधी बोलवा.

पुढच्या कमिटी मीटिंगच्या आत, म्हणजे पंधरा दिवसांत, लेखी उत्तर द्यावं ही विनंती. नाही आलं तर हीच वही घेऊन मी महापालिकेच्या अग्निशमन विभागात जाईन. धमकी समजू नका, आधी सांगून ठेवतेय इतकंच.

तोपर्यंत पॅन्ट्रीत ओट्याच्या डाव्या बाजूला खिळ्याला मी माझ्या पैशाने एक मोठं झाकण आणून टांगलंय, लांब दांड्याचं, त्यावर लाल पेंटने "आग" लिहिलंय. कृपया ते प्रसाद वाढायला नेऊ नका.

आपली,
सी विंगमधली एक सभासद